दशांशचिन्हाविना

एसआय५३५१ डॉट सेट_फ्रेक; कंसात १९८००००००यूएलएल, स्वल्पविराम, सीएलके-शून्य; कंस पूर्ण, अर्धविराम. एवढीच ओळ. ती ज्या लायब्ररीतल्या फंक्शनला साद घालते, ती लायब्ररी जेसन मिलड्रम या अमेरिकी हौशी रेडिओ-कारागिराने आर्डुइनोसाठी लिहिली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. ओळीच्या दुसऱ्या टोकाला, दोन तारांच्या पलीकडे, जेमतेम तीन मिलिमीटर चौरस अंगाची, दहा पायांची एक चिप बसलेली असते. सिलिकॉन लॅब्जने घडवलेली आणि आता स्कायवर्क्सच्या नावाने विकली जाणारी ही एसआय५३५१ चिप म्हणजे वारंवारता-संश्लेषक. तिला एक संख्या सांगावी आणि तिने सेकंदाला तितकी कंपने निर्माण करावीत, एवढाच तिचा धर्म. पण संख्या सांगणे आणि कंपने निर्माण होणे या दोहोंच्या मध्ये जे घडते ते इतके देखणे आहे की घाईने ओलांडून जाऊ नये. ही ओळ आपण आज सावकाश वाचू.

संख्या मी सहज निवडलेली नाही. पन्हाळ्याच्या तटावर, समुद्रसपाटीपासून ३,१२७ फुटांवर उभे राहून आग्नेयेकडे पाहिले, की वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर पसरलेले दिसते, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला शिवाजी विद्यापीठाचा परिसर. त्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने एक रडार उभारले. विमानांचा वेध घेणारे नव्हे, वाऱ्यांचा. जमिनीपासून सत्तर ते सुमारे अठ्ठ्याण्णव किलोमीटर उंचीवर, जिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही, तिथल्या विरळ विद्युत्भारित हवेवरून परतणारे क्षीण प्रतिध्वनी टिपून तिथले वारे कुठे वाहतात हे सांगणारे. त्याची वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे दीडशे मीटर लांबीची लाट. खुद्द पन्हाळ्यावरही विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र आहे. तेव्हा गडावर बसून या संख्येचा विचार करणे अगदीच अस्थानी नाही. रडारची यंत्रसामग्री अर्थात निराळी आणि थोर, आणि त्याची लहर आपण प्रक्षेपित करायची नसते. रिसीव्हरच्या पोटातल्या ऑसिलेटरसाठी, किंवा निव्वळ कागदावर भागून पाहण्यासाठी मात्र ती आपलीच.

आता पहिला तपशील. १.९८ मेगाहर्ट्झ म्हणजे १९ लाख ८० हजार हर्ट्झ. मग ओळीत १९ कोटी ८० लाख कुठून आले? कारण ही लायब्ररी हर्ट्झमध्ये बोलतच नाही, हर्ट्झच्या शतांशात बोलते. व्यवहारात इतक्या सूक्ष्म मापाची गरज क्वचितच पडते. रेडिओवर कानाला एक हर्ट्झचा फरकही सहसा कळत नाही. तरीही लेखकाने एकक शतांशाचे धरले, आणि त्या एका निवडीने दशांशचिन्ह दाराबाहेरच राहिले. हे औदार्य वाटते तितके सोपे नाही. आर्डुइनो नॅनोमधला आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर अपूर्णांक हाताळू लागला की त्याच्या हाती सातच सार्थ अंक उरतात, आणि आपल्या संख्येला नऊ हवेत. अपूर्णांकाचा मार्ग धरला असता तर शेवटचे अंक धुक्यात गेले असते. म्हणून इथे सारे गणित पूर्णांकांचे. आणि संख्येच्या शेपटाशी चिकटलेली ती तीन अक्षरे, यूएलएल, सांगतात की हा पूर्णांक चौसष्ट बिटांच्या प्रशस्त पात्रात ठेवा, कारण पुढच्या गुणाकारांत आकडे फार मोठे होणार आहेत. एकेक बाइटने हिशेब करणाऱ्या त्या चिमुकल्या मायक्रोकंट्रोलरला हे केवढे कष्टाचे! पण तो करतो, आणि आपल्याला कळायच्या आत करतो.

बंधन घालून घेऊन त्यातच विहरण्याचा हा रस पन्हाळ्याला अनोळखी नाही. मोरोपंत याच गडावर १७२९ मध्ये जन्मले. पुढचे आयुष्य बारामतीला गेले, पण जन्म इथला. ज्या कवीने ओठांना ओठ लागू न देता, म्हणजे प-वर्गाचे एकही अक्षर न वापरता, निरोष्ठ रामायण रचले, त्याला हे निर्दशांश गणित पाहून काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात हटकून येतो. रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही. अपूर्णांक साधायचा आणि अपूर्णांक लिहायचा नाही. काही टीकाकारांना पंतांचे असले प्रयोग कसरतीसारखे वाटत आले आहेत. मला तसे वाटत नाही. निषिद्ध अक्षराला वळसा घालताना भाषेचे जे कोपरे उजळतात, ते सरळ वाटेने जाणाऱ्याला कधी दिसतच नाहीत.

चिपमध्ये शिरू. तिच्या शेजारी एक स्फटिक असतो, २५ मेगाहर्ट्झने कंप पावणारा. हा तिचा एकमेव आधारस्वर. चिपच्या आत दुसरा एक आंदोलक आहे, विद्युत्दाब वाढवला तर वेगाने आणि कमी केला तर सावकाश डोलणारा. त्याची झेप ६०० ते ९०० मेगाहर्ट्झची, पण स्वभाव चंचल. त्याला एकट्याला सोडले तर तो कुठेही भरकटेल. म्हणून त्याची कंपने बत्तीसने भागायची, आलेला भागाकार स्फटिकाच्या कंपनांशेजारी ठेवायचा, कोण पुढे आणि कोण मागे ते पाहायचे आणि त्यानुसार दाब किंचित चढवायचा वा उतरवायचा. हे अखंड चालू. क्षणार्धात दोघांची पावले जुळतात आणि तो चंचल आंदोलक नेमका ८०० मेगाहर्ट्झवर स्थिरावतो. यालाच पीएलएल म्हणतात. आतल्या दोन्ही पीएलएलसाठी लायब्ररी मुळात हाच आकडा धरते. पंचवीस बत्तिशे आठशे. इथे अपूर्णांकाचा प्रश्नच नाही, पाढ्यातले उत्तर. चपळ आणि धीमा यांचे हे सहजीवन मला फार आवडते: वेग एकाचा, निष्ठा दुसऱ्याची.

आणि आता ज्याच्यासाठी ही संख्या निवडली तो क्षण. आठशेला १.९८ ने भागा. कागदावर, हाताने, कॅल्क्युलेटर नको. उत्तर येते ४०४.०४०४०४, आणि तसेच पुढे. अनंतापर्यंत शून्य आणि चार, शून्य आणि चार. भागाकारात असा नाद सापडला की क्षणभर पेन्सिल थांबते. कारण अवघड नाही: १.९८ म्हणजे ०.९९ ची दुप्पट, आणि नव्याण्णवने भागताना जे काही शिल्लक राहते ते दोन-दोन अंकांच्या जोडीने पुनःपुन्हा उगवत राहते. पण कारण कळल्याने नाद कमी होत नाही. वाऱ्यांचा वेध घेण्यासाठी ती वारंवारता ठरवताना हा नाद कोणाच्या मनात असण्याची शक्यता फार थोडी. तो आयता मिळालेला आहे, आणि आयत्या सौंदर्याला आपण नाही म्हणू नये.

मात्र चिपपुढे पेच आहे. भाजक हे गणकयंत्र; ते कंपने मोजते आणि ठरलेल्या संख्येला एक टिचकी देते. ४०४ मोजता येतील, ४०५ मोजता येतील, ४०४.०४ कसे मोजायचे? उत्तर आपल्या पंचांगात आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. तो फरक रोज चिमूटभर भरून काढता येत नाही, म्हणून बहुतेक वर्षे बारा महिन्यांची ठेवायची आणि अधूनमधून एक तेरा महिन्यांचे घ्यायचे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास, आणि दिवाळी आपल्या ऋतूत राहते. चिपमधला भाजक हेच करतो: बहुतेक वेळा ४०४ मोजतो, मधूनच ४०५; दहा लाख फेऱ्यांत ४०,४०४ वेळा अधिक कंपन घेतो आणि सरासरी बरोबर साधतो. पण आपण तर अधिक मास आला की तो आल्याचे मान्य करतो, जावयाला वाण देतो. चिपला मात्र तो लपवायचा असतो. एक फेरी किंचित लांबली तर बाहेर पडणाऱ्या लहरीत हिसका बसेल. म्हणून प्रत्येक टिचकीच्या वेळी नेमके किती मागे-पुढे झाले याचा हिशेब ठेवून ती टिचकी तेवढीच सरकवून द्यायची, असा बंदोबस्त तिच्या रचनेतच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला लहर जवळजवळ सलग दिसते. जवळजवळ, कारण स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर मुख्य शिखराच्या आजूबाजूला बारीक काटे उभे दिसतात. ते अधिक मासाचेच अवशेष.

चिपला मात्र ४०४ आणि ४०,४०४ या संख्या सरळ सांगता येत नाहीत. तिची भाषा पी-एक, पी-दोन, पी-तीन अशा तीन पदांची आहे. भाजकाची १२८ पट करायची, तिचा पूर्ण भाग घ्यायचा, त्यातून ५१२ वजा करायचे: हे पी-एक. उरलेला अंश पी-दोन. आणि छेद, जो ही लायब्ररी दहा लाख धरते, तो पी-तीन. पहिल्यांदा वाचताना ते ५१२ डोळ्यांत खुपते. कुठून आला हा परका आकडा? जरा थांबून पाहिले की उलगडते: ५१२ म्हणजे १२८ गुणिले चार, आणि या चिपचा सर्वांत लहान भाजक चारच आहे. म्हणजे रजिस्टरात, चिपच्या नोंदीच्या खणात, भाजक लिहिलाच जात नाही. चारच्या वर तो किती चढला एवढेच लिहिले जाते. चारने भागायचे असेल तेव्हा पी-एक शून्य. जे प्रत्येक वेळी असणारच, ते लिहायचे कशाला? अशा काटकसरीत एक शालीनता असते. आपल्या वारंवारतेला ती लावली की पी-एक येतो ५१,२०५, पी-दोन १,७१,७१२, पी-तीन १०,००,०००. तिन्ही पूर्णांक. दशांशचिन्हाचा मागमूस नाही.

ही तीन पदे चिपच्या ४२ ते ४९ क्रमांकांच्या आठ रजिस्टरांत बसवायची, आणि प्रत्येक रजिस्टरात ० ते २५५ एवढीच जागा. आर्येत जशा १२, १८, १२ आणि १५ मात्रा ठरलेल्या, गुरूला दोन, लघूला एक, आणि कवीने शब्द असे निवडायचे की बेरीज चुकता कामा नये, तशीच ही आठ खणांची रचना. बसवून झाल्यावर जे उरते ते असे: ६६, ६४, ०, २००, ५, २४२, १५८, १९२. हे आठ आकडे म्हणजे वाऱ्यांच्या रडारची वारंवारता. यातला २४२ विशेष न्याहाळण्याजोगा. तो एकाचा नाही, दोघांचा आहे. पी-तीनचे सर्वांत वरचे चार बिट आणि पी-दोनचे सर्वांत वरचे चार बिट एकाच खणात, पाठीला पाठ लावून बसले आहेत: पंधरा सोळा वेळा, वर दोन. वीस-वीस बिटांच्या दोन संख्या आठ-आठच्या खणांत घालताना दोघींचे चार-चार बिट बाहेर राहत होते. त्यांना स्वतंत्र घरे न देता एकत्र नांदवले. बाहेरून २४२ हा निरर्थक आकडा वाटतो, आणि संधी सोडवला की दोन पदे वेगळी होऊन उभी राहतात.

हे आठ आकडे, त्यांच्या पुढे चिपचा पत्ता आणि पहिल्या रजिस्टराचा क्रमांक, असे दहा बाइट दोन तारांवरून जातात. आर्डुइनोच्या नेहमीच्या संथ चालीनेही हा प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. पहिल्या वेळी सेट_फ्रेक आणखी एक गोष्ट न सांगता करते: सीएलके-शून्य ही वाहिनी, म्हणजे लहर बाहेर पडण्याची वाट, चालूही करते. वाहिन्या उघडण्या-मिटण्याच्या रजिस्टरात शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे बंद, असा उलटा व्यवहार आहे. नवशिक्याने तिथे ठेचकाळायला नको म्हणून आउटपुट_एनेबल हे फंक्शन तो व्यवहार पोटात घालून आपल्याशी सरळ बोलते. चांगल्या लायब्ररीचे हे यजमानपण. बाकीच्या सोयी, लहरीचा जोर दोन, चार, सहा किंवा आठ मिलिअँपिअर ठेवणे, दोन वाहिन्यांमध्ये कलांतर राखणे, या आहेतच. त्यांचा पाहुणचार पुन्हा कधी.

हीच चिप दुसऱ्या हातात गेली की दुसरा छंद ऐकू येतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २०१७ च्या अखेरीस यूबिटेक्स हा लघुलहरींचा ट्रान्सीव्हर जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, मंडळींच्या हाती दिला. नॅनो आणि एसआय५३५१ ही त्याची जोडगोळी, आणि चिपच्या तिन्ही वाहिन्या त्यात कामाला लावलेल्या. त्यातल्या चिपसाठी जेरी गॅफ्के यांनी अगदी आटोपशीर कोड लिहिले. त्यात आतला आंदोलक ८०० वर नाही, ८७५ वर बांधलेला, पंचवीस पस्तिशे. मग १.९८ साठी भाजक किती? ४४१.९१९१९१. नव्याण्णवाचा नाद कायम, फक्त अक्षरे बदलली. मिलड्रम यांची लायब्ररी ऐसपैस, प्रत्येक प्रसंगाची तजवीज करणारी. गॅफ्के यांची वळकटी बांधून काखोटीला मारता येईल अशी. मला पहिली वाचायला आवडते, आणि यंत्रात जागा उरली नसेल तेव्हा दुसरी आठवते.

एका फंक्शनाशी मात्र थांबायलाच हवे: सेट_करेक्शन. स्फटिकावर २५ मेगाहर्ट्झ छापलेले असले तरी तो छाप्याबरहुकूम वागतोच असे नाही. समजा तो सेकंदाला पन्नास कंपने जास्त करतो. म्हणजे दहा लाखांत दोन. लायब्ररी ही चूक अब्जांशांत विचारते, म्हणजे उत्तर दोन हजार. पुन्हा पूर्णांकच! पण ही चूक मोजायची कशी? आकाशवाणी पुणे केंद्र १९५३ पासूनचे, आणि त्याची ७९२ किलोहर्ट्झची मध्यमलहर आपल्या पिढ्यांच्या कानांत मुरलेली. चिपला ७९२ वर लावून रेडिओजवळ वायरचा तुकडा धरला, की दोन लहरी एकमेकींत मिसळून हेलकावे घेऊ लागतात. वरच्या स्फटिकाचे हेलकावे दोन सेकंदांत तीन भरतील. अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या कोल्हापूरच्या दरबारात गायन केले, त्या मुलखात हे कोणाला समजावून सांगायला नको. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना ऐकू येणारे हेलकावे हेच, याच कारणाने. दुरुस्तीचा आकडा भरत जावे तसे ते लांबत जातात आणि शेवटी विरतात. पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुके आत शिरले आणि हवा गारठली, की स्फटिक पुन्हा थोडा सरकतो. गवयाला मैफलीच्या मध्ये तारा पुन्हा पाहाव्या लागतात, तसे आपल्यालाही. आणि जाता जाता, आठशेला ०.७९२ ने भागून पाहा: १०१०.१०१०१०. सातशे ब्याण्णव म्हणजे आठ नव्याण्णव. मध्यमलहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात, त्यामुळे दर अकरा जागांत एकच नव्याण्णवाच्या पाढ्यातली निघते. पुण्याच्या वाट्याला नेमकी ती आली.

चिपमधून बाहेर पडणारी लहर गोलाकार नसते, चौकोनी असते. एकदम वर, एकदम खाली. चौकोनाच्या कोपऱ्यांत विषम पटींच्या लहरी दडलेल्या असतात: १.९८ सोबत ५.९४, ९.९०, आणि पुढे अशाच. पैकी ५.९४ तर ४९ मीटरच्या लघुलहरपट्ट्यातच पडते. म्हणून प्रक्षेपणाला वापरायची लहर आधी फिल्टरमधून गाळून घेतल्याशिवाय अँटेनाकडे धाडू नये, हा नियमही आणि सौजन्यही.

मग सगळ्याच वारंवारता अशा नादमधुर असतात का? मुळीच नाही. भारतीय हॅमच्या ४० मीटर पट्ट्याच्या मधोमध असलेली ७.१ मेगाहर्ट्झ घ्या. आठशे भागिले ७.१: ११२.६७६०५६३३८०, आणि पुढे अंकांची अशी गर्दी की पुनरावृत्ती व्हायला पस्तीस स्थळे लागतात. दहा लाखांच्या छेदात लायब्ररीला सहाच स्थळे ठेवता येतात, म्हणून ती ६७६०५६ वर कात्री चालवते आणि उरलेली शेपटी टाकून देते. भाजक किंचित लहान झाला, म्हणजे लहर किंचित वेगवान झाली. किती? हिशेब केला तर चूक अब्जात नेमकी तीन भरते, ७.१ मेगाहर्ट्झवर हर्ट्झचे दोन शतांश. स्फटिक गारठ्याने याहून कितीतरी पटींनी सरकतो, तेव्हा व्यवहारात ही चूक कोणाच्या खिजगणतीत नाही. तरी आपण ती उलटी मांडून पाहू: तेहेतीस कोटी तेहेतीस लाख कंपनांमागे एक कंपन जास्त. तेहेतीस कोटींपर्यंत मोजदाद बिनचूक ठेवणाऱ्याला वरचा एक माफ करायला माझी तरी हरकत नाही.